उलट्या पायांचं पुस्तक

शेवड्यांची मिथिला डोळे तपासायला आली
आणि काउंटरवर पुस्तक विसरून गेली.
चित्रांचं, जपानी, इंग्रजीत आणलेलं.
मी आपलं नेहमीसारखं डावीकडून उघडलं
आणि शेवटापासून वाचत सुटलो.

पौष. ग्वाल्हेरला तीन दिवस सूर्य नाही.
दौलतगंजात समोरचा गजकवाला दिसत नाही,
नुसता त्याच्या कुटण्याचा आवाज येतो.
अशात चष्म्याच्या दुकानात कोण येणार,
धुक्यात सगळ्यांचा नंबर सारखाच.

माझ्या पहिल्या पानावर बर्फ होता,
बर्फावर एक लाकडी फणी.
मग एक बाई यायला लागली:
आधी बोटं, मग बाही,
पुढच्या पानावर मान, मानेवरची सैल बट.
वाटलं, चित्रकार तिला पानापानानं घडवतोय.
साठ पानांनंतर कळलं,
तो तिला पुसत होता.
मीच उलटा चालत होतो.

आई सांगायची, भुताचे पाय उलटे असतात.
तिची भुतं भारी घाईची.
मुंजा पिंपळावरून थेट खांद्यावर,
हडळ दिसली की धरलीच,
आणि एक तर चुना-तंबाखू मागायचं,
दिली नाही तर ताप.
पुस्तकातल्या बाईला पायच नाहीत.
किमोनोखाली चित्रकारानं कागद कोरा सोडलाय.

मग उजवीकडून, नीट, पुन्हा.
तो फण्या करतो. ती दर हिवाळ्यात येते,
तीच फणी, तोच तुटलेला दात.
तो बसवून देतो. वर्षानं पुन्हा तुटलेला.
दुसऱ्याच पानावर त्याला कळतं:
त्याच्या तोंडून वाफ निघते, तिच्या नाही.
विचारत नाही.
चहाचा पेला बोटभर तिच्याकडे सरकवतो.
पुढे चार चौकटी नुसत्या पेल्याच्या.
वाफ उभी,
वाफ तिरकी,
वाफ जेमतेम,
पेला.

एकशे ऐंशी पानांत त्यानं तिला एकदाच स्पर्श केला,
तोही बाहीवरचा भुसा झटकायला.
मी ते पान तीनदा पाहिलं
आणि उगाच शटरकडे बघितलं, कोणी पाहतंय का.

शेजारी बटणांचं दुकान आहे, कुमुद ठेंगडींचं.
अकरा वर्षं चार वाजता
त्यांचा पोऱ्या माझा चहा ठेवून जातो.
मी कधी मागितला नव्हता.
दर दोन वर्षांनी त्या चष्मा बदलतात.
दांडी गरम वाळूत तापवतो,
कानामागे बसवून बघतो, काढतो, पुन्हा वाकवतो.
खरं तर एकदाच पुरतं.
त्या म्हणतात, "थोडी सैल वाटतेय."
मी म्हणतो, "बघतो."
एवढंच. याची कोण गोष्ट करील?
पण कोणीतरी केलीय, आणि शाई वाया घालवून नाही,
शाई वाचवून.

त्या संध्याकाळी आम्ही एकदमच शटर ओढली.
"आज फार आहे, नाही?" त्या म्हणाल्या.
दिव्याखाली त्यांच्या तोंडून वाफ निघाली,
पांढरी, मफलरपर्यंत.
एवढं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.
"हो," म्हणालो.
माझी निघाली का, ते बघायचं राहिलं.

मिथिला शनिवारी आली.
पुस्तकात माझी खूण होती, लेन्स पुसायचा पिवळा कपडा.
"काका, तुम्ही वाचलंत? पण उलटं?"
"दोन्हीकडून."
"दुसरा भाग आणू? त्यात ते बोलतात एकमेकांशी."

मी तिची नवी काच उजेडात धरली.
ओरखडा नव्हता, तरी पुसली.
"सावकाश आण," म्हणालो.
चार वाजायचे होते अजून.